बारा हजारांचं बघू

एका जंगलात एक तळं होतं.

जंगल कुठलं, ते विचारू नका बाळांनो. विचारलं की मी सांगून टाकते, आणि मग तिथल्यांना राग येतो. जवळ सरकून बसा. तू, मागचा, तूसुद्धा.

तर तळं छान होतं. एका काठाला जांभळीची झाडं, दुसऱ्या काठाला उंच लव्हाळं. सकाळी हरणं पाण्यावर यायची, दुपारी गवे, संध्याकाळी रानडुकरं. रानडुकरं शेवटी, कारण त्यांच्यानंतर त्या पाण्यात कुणाला उतरावंसं वाटत नसे. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. आपोआप ठरलं होतं, आणि म्हणूनच टिकलं होतं.

जंगलाचा राजा वाघ. स्वभावाने वाईट नव्हता. खायचा, पण शक्यतो ओळखीच्यांना नाही. त्याची अडचण एकच होती. वाघाला तोंडावर पाणी उडालेलं खपत नाही, म्हणून तो पाण्यात उलटा उतरतो. आधी शेपूट, मग मागचे पाय, आणि मग सावकाश बाकीचे महाराज. आश्विनातलं ऊन तापलं की राजा तळ्याकडे पाठ करायचा आणि मागे मागे सरकत पाण्यात शिरायचा. काठावरची पिल्लं खुदखुदायची. माकडांनी तर त्याचा खेळच केला होता. एकमेकांना ढकलत, उलटं चालत, ‘महाराज आले, महाराज आले’ म्हणत ती फांदीवरून फिरायची.

राजाने पुष्कळ दिवस सोसलं. मग एकदा दिवाणाला बोलावून म्हणाला, मला एकट्याला आंघोळ करता येईल अशी काहीतरी सोय करा.

दिवाण होते बापूसाहेब खोकड. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा चुलतभाऊ समजा. अंगाने लहान, शेपटीने मोठा. बापूसाहेब म्हणाले, सोपं आहे. तळ्याभोवती बाभळीचं कुंपण घालू. लव्हाळं सगळं कापून टाकू, म्हणजे आत लपून बघायला कुणाला जागा उरणार नाही. आणि या कामाला आपण ‘राजस्नान प्रकल्प’ म्हणू. प्रकल्प म्हटलं की लोक फार खोलात जात नाहीत.

राजाला नाव आवडलं.

पण एक नियम आडवा आला. राजाच्या पणजीने करून ठेवला होता. तळ्याला हात लावायचा तर आधी लोकांना विचारायचं. कोतवाल नावाचा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी असतो ना, त्याने जांभळीवर बसून तीन हाळ्या द्यायच्या. मग नवव्या दिवशी राजाने सगळ्यांना समोर बसवून स्वतः विचारायचं आणि लोकांनी तोंडाने सांगायचं. नुसतं लिहून दिलेलं चालत नसे. पणजी हुशार होती. तिला लिहिता येत नव्हतं.

कोतवालाने हाळ्या दिल्या, आणि लव्हाळ्यात राहणाऱ्या सगुणाबाईंच्या काळजात धस्स झालं.

सगुणाबाई पाणकोंबडी. पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, चाल लगबगीची. लव्हाळ्याच्या मधोमध त्यांचं घरटं होतं आणि घरट्यात सहा अंडी. फुटायला अजून दोन आठवडे होते. नवरा होता, पण तो एकदा अंड्यांवर बसला की उठायचं नाव घेत नसे. म्हणून हिंडायचं, बोलायचं काम सगुणाबाईंचं. आता बघा, पाणकोंबडीला घर बदलता येतं. एका दुपारीत दुसरं बांधेल. पण अंडी चोचीत धरून नेता येत नाहीत. लव्हाळं कापलं की अंडी गेली. एवढी साधी गोष्ट होती.

इकडे बापूसाहेब आधी सरळ मार्गाने गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. ते घरोघर फिरले. म्हणाले, नवव्या दिवशी महाराजांना ‘हो’ म्हणाल ना? जंगलात लहानमोठी मिळून चारशे बारा कुटुंबं. चारशे बारा ठिकाणी त्यांना एकच उत्तर मिळालं.

‘बघू.’

बाळांनो, बघू म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आपण म्हणतो, आई, जत्रेला जायचं का? आई म्हणते, बघू. गेलो का आपण? नाही गेलो. त्या जंगलात तोंडावर ‘नाही’ म्हणणं असभ्य समजत. पहिल्या दमात ‘हो’ म्हणणं तर त्याहून हावरटपणाचं. कुणाकडे गेलं आणि समोर बोरं ठेवली, की दोनदा ‘नको, नको, आत्ताच खाऊन आलो’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मूठभर घ्यायची. तसं हे बघू. म्हणजे ‘नाही’च, पण आंघोळ घालून, भांग पाडून बाहेर काढलेलं.

बापूसाहेब तिथेच जन्मलेले. त्यांना बरोबर कळलं.

तेव्हा त्यांना पेटीची आठवण झाली. मागल्या थंडीत लांबच्या मुलखातून चक्रवाक पाहुणे आले होते. जाताना ते दिवाणांना फणसाएवढी एक काळी पेटी भेट देऊन गेले. उन्हात ठेवली की ती बोलायची. कुणाच्याही आवाजात बोलायची, कुणाच्याही अक्षरात लिहायची. शहरात म्हणे याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. म्हणजे बनवलेली अक्कल. जंगलात जन्मतःची अक्कल वाटतानाच जरा कमी पडली होती, त्यामुळे सगळ्यांना पेटीचं फार कौतुक. त्यांनी तिचं नाव ठेवलं हुबेहूब.

बापूसाहेबांनी पेटी खडकावर ठेवली आणि सांगितलं, तळं राजाला द्यावं असं मनापासून वाटणारी प्रजा बनव.

पेटी म्हणाली, किती?

बापूसाहेब म्हणाले, बारा हजार.

पेटी नम्रपणे म्हणाली, एवढ्याने भागेल ना?

दुसऱ्या दिवशी कोतवालापुढे पळसाच्या पानांचा ढीग पडला. पानापानावर सुबक अक्षर. कोतवालाने जांभळीवर बसून वाचायला सुरुवात केली. ‘माननीय महाराज, मी एक सामान्य ससा आहे. राजस्नान प्रकल्पास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. या प्रकल्पामुळे जंगलाच्या सर्वांगीण विकासास चालना मिळेल.’ पुढचं पान. ‘माननीय महाराज, मी एक सामान्य हरीण आहे.’ पुढचं पान. ‘मी एक सामान्य गवा आहे.’ चाळीसाव्या पानाला कोतवालाच्या घशाला कोरड पडली. त्याने पाणी पिऊन जाहीर केलं की बाकीचे तसेच.

खाली नाव कुणाचंच नव्हतं. बापूसाहेबांनी खुलासा केला, की प्रजा लाजरी आहे.

आता गंमत बघा. ससे सशांकडे तिरकं बघू लागले. याने लिहिलं असेल का? की त्याने? हरणं पाण्यावर आली की एकमेकांपासून चार हात लांब उभी राहू लागली. कुणी कुणाला विचारेना. विचारायचं कसं? समोरच्याने लिहिलं असेल तर त्याला वाईट वाटायचं.

सगुणाबाई घरोघर निघाल्या. आधी नाना सशाकडे गेल्या. नाना म्हणाला, ‘माझं काही नाही हो, सगुणाताई. मला तळं आहे तसंच हवंय. पण एवढ्या लोकांचं म्हणणं पडलं, तिथे मी एकटा काय बोलू?’

हरणांकडे गेल्या. तेच उत्तर, तेच शब्द. साळिंदराकडे गेल्या, तेच. गव्याकडे गेल्या. पंचवीस मणांचा गवा, चालला की जमीन हलते, तोही मान खाली घालून म्हणाला की मी पडलो एकटा. संध्याकाळपर्यंत सगुणाबाईंना एकतीस एकटे भेटले. त्या घरी आल्या, अंड्यांपाशी बसल्या आणि सहाही अंडी एकेक करून चोचीने फिरवून ठेवली. रोज फिरवावी लागतात ती. त्या दिवशी त्यांनी दोनदा फिरवली.

सकाळी त्या गोदाक्काकडे गेल्या.

गोदाक्का म्हणजे खार. जांभळीच्या ढोलीत राहायची, आणि ढोलीचं तोंड असं की तिथून सगळ्यांची दारं दिसत. कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना तोंड कसं होतं, सगळं तिला ठाऊक. शेजारी विरजण मागायला जायची. खारीला विरजण कशाला, असं कधी कुणी विचारलं नाही. लोक मागून तिला चोंबडी म्हणत. मी म्हणणार नाही. काळजी असते म्हणूनच कुणी विचारतं. तिचं दुःख एवढंच, की तिचं बोलणं कुणी पूर्ण ऐकत नसे. ती रंगात आली की समोरच्याला चुलीवर ठेवलेलं दूध आठवायचं.

गोदाक्काने एक पान हातात घेतलं, वास घेतला, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, ‘ही आपली माणसं नव्हेत गं.’

सगुणाबाई म्हणाल्या, ‘कशावरून?’

‘अगं, एकोणीस ससे आपल्याकडे. विसावा यायचाय, नानाच्या धाकटीला दिवस गेलेत, पण तू कुणाला बोलू नकोस. आणि पानं सशांची आठशे. बरं, ते जाऊ दे. पहिल्याच ओळीत पाठिंबा? आपल्यात पहिल्या ओळीत कुणी कशाला हो म्हटलंय? नानाने स्वतःच्या लग्नाला तीनदा नको म्हटलं होतं. मी समोर होते.’

हे ती हळू आवाजात बोलली असती तर बरं झालं असतं. पण गोदाक्काला हळू आवाज नव्हता. तळ्याच्या चारी काठांना ते ऐकू गेलं. राजाच्याही कानावर गेलं. राजाला तसंही एक पान खटकलंच होतं. सर्वांगीण म्हणजे कुठकुठलं अंग, ते त्याला कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. त्याने बापूसाहेबांना बोलावून विचारलं, हे बारा हजार राहतात कुठे?

बापूसाहेब म्हणाले, डोंगरापलीकडे, महाराज. फार लांब. इतक्या जणांना इथवर येणं जमायचं नाही, पण नवव्या दिवशी त्यांचे आवाज पेटीतून ऐकवतो.

राजा म्हणाला, ऐकवा. पण मला माझी माणसं वाटली पाहिजेत. पानावरच्यासारखी बोलली तर मी ऐकणार नाही.

बापूसाहेब पेटीवर चिडले. पेटी शांतपणे म्हणाली, मला तुमची माणसं ठाऊक नाहीत. जी ठाऊक होती त्यांच्यासारखं लिहिलं. सगळ्यांना आतून बाहेरून ओळखणारं कुणी असेल तर माझ्यासमोर बसवा. तीन दिवस पुरेत.

असं कोण, हे तुम्हाला सांगायला नकोच.

बापूसाहेब जांभळीखाली आले. वर बघून म्हणाले, ‘गोदाक्का, तुमच्याइतकी या जंगलाची माहिती कुणाला नाही. पेटीला जरा सगळं सांगाल का? अगदी सविस्तर.’

सविस्तर. उभ्या जन्मात गोदाक्काला हा शब्द कुणी वापरला नव्हता. तिला सगळे ‘थोडक्यात सांग’ म्हणत आले होते. ती शेपूट सावरत खाली आली आणि पेटीसमोर बसली.

तीन दिवस ती बोलत होती. नाना ससा बोलण्याआधी दोनदा खाकरतो. गवा आधी हवापाण्याबद्दल बोलतो आणि मुद्द्याला येईपर्यंत जायची वेळ होते. हरणाच्या घरात काहीही विचारा, ती म्हणते यांना विचारून सांगते, आणि हे म्हणतात हिला विचारून सांगतो. साळिंदर आमंत्रणाला येतो म्हणतो आणि येत नाही. तरस येत नाही म्हणतो आणि सर्वांत आधी येऊन बसतो. निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात, आणि येतो म्हटल्यावर दारात आणखी तासभर उभे राहतात. कोण कुणाला काय विचारतं, का विचारतं, आणि उत्तर मिळालं तरी पुन्हा का विचारतं, हे सगळं तिने खुलवून सांगितलं. पेटी मधेमधे म्हणायची, हं, मग? गोदाक्काला वाटलं, अशी शेजारीण मिळायला पुण्य लागतं.

हे कशासाठी चाललंय, ते तिला कळत नव्हतं का? कळत होतं, थोडंसं. पण बोलण्याच्या भरात ते थोडंसं मागे पडलं. असं होतं. चांगल्या घरच्या बायकांचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगुणाबाई तिथे आल्या. पेटी पाहिली, समोर बसलेली गोदाक्का पाहिली.

‘गोदे,’ त्या म्हणाल्या, ‘माझी सहा अंडी आहेत तिथे.’

‘अगं, मी तळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुझी शपथ. कोण कसं बोलतं, तेवढंच सांगितलं.’

‘तेवढंच तर त्याला हवं होतं.’

सगुणाबाई एवढं बोलल्या आणि गेल्या. भांडल्या असत्या तर गोदाक्काने तोंड दिलं असतं. त्या भांडल्या नाहीत. गोदाक्का ढोलीत जाऊन बसली आणि दुसरा अख्खा दिवस गप्प राहिली. इतकी गप्प, की कोतवाल दारात येऊन प्रकृतीची चौकशी करून गेला.

नववा दिवस उजाडला. तळ्याकाठी सगळं जंगल जमलं. चारशे बारा कुटुंबं, पण प्रत्येक जण एकटा बसल्यासारखा बसला होता. राजा खडकावर. त्याच्या शेजारी पेटी, छान उन्हात. बापूसाहेबांनी शेपूट विंचरून घेतली होती. ते म्हणाले, डोंगरापलीकडची मंडळी लांबची आहेत, त्यांना आधी बोलू द्यावं. म्हणजे कसं, सभेला वळण लागतं. सगुणाबाई अगदी पुढे, ओल्या मातीत उभ्या होत्या. गोदाक्का फांदीवर होती, पण तिचं तोंड दुसरीकडे.

राजाने घसा साफ केला. ‘डोंगरापलीकडच्या माझ्या प्रजाजनांनो, हे तळं तुम्ही मला देता ना?’

पेटीत कुणीतरी दोनदा खाकरलं. अगदी नानासारखं. नाना दचकून स्वतःकडे बघू लागला. मग सशांचे बारीक आवाज, हरणांचे मऊ आवाज, गव्यांचे जड आवाज, असे बारा हजार आवाज एकदम म्हणाले,

‘बघू.’

बापूसाहेब हसले. ‘लाजतात, महाराज.’ मग ते पेटीवर वाकले. ‘अहो, तुमचा पाठिंबा आहे ना?’

पेटी म्हणाली, ‘आम्ही कुठे नाही म्हणतोय?’

‘मग हो म्हणा.’

‘घरात विचारून सांगतो.’

‘कधी सांगता?’

‘आता सणवार आले. सण आटोपले की बसू एकदा निवांत.’

सभेत कुठेतरी फिस्सकन हसू आलं. बापूसाहेबांनी आवाज खाली आणला, पण पुढच्या रांगेला ऐकू गेलंच. ‘गाढवांनो, तुम्हाला मी बनवलंय.’

‘ते उपकार आहेतच तुमचे,’ पेटीतला एक वडीलधारा आवाज म्हणाला. ‘उभे का? बसा ना. बोरं घेणार?’

बापूसाहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘नको, नको, आत्ताच खाऊन आलो.’

मग तर पेटी मोकळीच सुटली. तिची सगळी शिकवणी गोदाक्काकडे झालेली. बारा हजार जणांना बारा हजार चौकश्या सुचल्या. बापूसाहेब, मुलीचं जमलं का कुठे? परवा तुमच्याकडे लांडग्यांकडचे आले होते, ते काय म्हणाले? हे कुंपण घालणार ते कुणाच्या बाभळींचं? आणि मागून एक आवाज आला, हुबेहूब गोदाक्काचा. ‘अहो, महाराज पाण्यात उलटे उतरतात म्हणे. खरं का हो ते?’

राजाच्या मिशा ताठ झाल्या.

पण राजाच्या कानात अजून पहिलाच शब्द घोळत होता. तोही याच जंगलातला. लहानपणी त्याने आईला किती वेळा विचारलं होतं, पलीकडच्या टेकडीवर खेळायला जाऊ का? तिने काय उत्तर दिलं होतं, ते तो विसरला नव्हता. टेकडी त्याने राजा झाल्यावर पाहिली.

इतक्यात नाना सशाने मान वर केली. पलीकडच्या सशाने त्याच वेळी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डोंगरापलीकडचे बारा हजार जर बघू म्हणतात, तर मग आपण कसले एकटे? नाना दोनदा खाकरला आणि म्हणाला, महाराज, माझंही बघूच. शेजारचा म्हणाला, माझंही. गवा म्हणाला, यंदा हवा जरा दमटच आहे, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, बघू. बघता बघता तळ्याच्या चारी काठांवरून बघू, बघू सुरू झालं. बेडकांना वाटलं आपलीच पाळी आली, तेही ओरडू लागले.

त्या गलक्यात सगुणाबाई चार पावलं पुढे आल्या. त्यांनी राजाच्या तोंडाकडे बघितलं.

‘महाराज, माझं बघू नाही,’ त्या म्हणाल्या. ‘माझं नाही. लव्हाळ्यात माझी अंडी आहेत.’

सगळं गप्प झालं. बेडूकसुद्धा. असं उघडं, आंघोळ न घातलेलं ‘नाही’ त्या जंगलात कुणी ऐकलंच नव्हतं. पिल्लांच्या आयांनी त्यांच्या कानांवर पंख ठेवले. वरच्या फांदीवर गोदाक्काने तोंड इकडे वळवलं.

राजाने पुष्कळ वेळ सगुणाबाईंकडे पाहिलं. राजाच्या पंजाएवढा तो जीव. पण पाय मागे सरकत नव्हते. मागे सरकायचं म्हणजे काय असतं, ते राजाइतकं कुणाला ठाऊक होतं?

‘किती आहेत?’ त्याने विचारलं.

‘सहा.’

राजाने तळ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, बापूसाहेबांकडे बघितलं. मग उठला, आळस दिला आणि म्हणाला,

‘बघू.’

सगुणाबाई लगबगीने लव्हाळ्याकडे निघाल्या. कोतवालाने तिथल्या तिथे हाळी दिली, की राजस्नान प्रकल्पाचा विषय महाराजांनी बघण्यावर ठेवला आहे. ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. महाराज अजूनही बघताहेत.

पुढचं विचाराल तर सांगते. अंडी फुटली. पाच एका सकाळी, काजळाच्या गोळ्यांसारखी पिल्लं बाहेर आली. सहावं दोन दिवस उशिरा आलं आणि अजूनही प्रत्येक गोष्टीला उशिराच येतं. सगुणाबाई काही दिवस गोदाक्काशी बोलल्या नाहीत. मग एकदा विरजण मागायच्या निमित्ताने गोदाक्का लव्हाळ्यात गेली, पिल्लं बघितली, कुणाचं नाक कुणावर गेलंय ते सांगितलं, आणि तासभराने दोघी दारात उभ्या राहून बोलत होत्या. गोदाक्का आता सगळ्यांना सांगते, की मी पेटीला मुद्दामच सगळं खरंखरं सांगितलं, पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. सगुणाबाई म्हणतात, असेल. आपणही म्हणू या, असेल.

बापूसाहेबांचं काय झालं? काही झालं नाही. दिवाणांचं काही होत नसतं. त्यांनी एकदा पेटी परत पाठवायची म्हणून बाहेर काढली होती. पेटीला विचारलं, जाशील ना? ती म्हणाली, बघू. त्यामुळे ती तिथेच आहे. दुपारी कामं आटोपली की गोदाक्का तिच्यासमोर जाऊन बसते. आत बारा हजार जण वाट बघत असतात, आणि त्यांतल्या एकाचंही दूध उतू जात नाही.

आणि राजा? ऊन तापलं की तो तळ्यावर येतो. पाण्याकडे पाठ करतो, आधी शेपूट, मग मागचे पाय. तेवढा वेळ सगळी हरणं, सगळे ससे, सगळी माकडंसुद्धा तोंड फिरवून बसतात. हेही कुणी ठरवलेलं नाही. एक गोदाक्का तेवढी बघते. पण ती काळजीपोटी.

तात्पर्य : बाळांनो, सत्याचा विजय होतो असं पुस्तकात असेल, तर असू द्या. इथे तसं काही झालं नाही. खरं काय, ते बारा हजार खोट्यांनी आधी सांगितलं, तेव्हा कुठे चारशे बारा खऱ्यांना कंठ फुटला. म्हणून उद्या तुमच्यापैकी कुणी राजा झालं, दिवाण झालं आणि पदरची प्रजा बनवायची वेळ आली, तर एवढं लक्षात ठेवा. खोटी प्रजा जरा खोटीच ठेवावी. अगदी खऱ्यासारखी केली, की तीही ऐकत नाही. 

आता उठा, घरी वाट बघत असतील. उद्या जरा लवकर याल ना?

काय म्हणालात? बघू?